बिळातले उंदीर दिसायला सारखे, गुणसूत्रं मात्र वेगवेगळी : असं का?

शाळामास्तर_पेडणे | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी पेडण्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दहावीला आनुवंशिकता शिकवताना माणसाची ४६ गुणसूत्रं, २३ जोड्या हे मुलं घडाघडा म्हणतात, पण परवा एका मुलीने विचारलं, सर, एका जातीपासून दुसरी जात झाली तर संख्या बदलते कशी, एखादी जोडी गळून पडते काय? प्रश्न अगदी रास्त होता. मी वाचायला बसलो आणि बिळात राहणाऱ्या उंदरांपाशी येऊन थांबलो, तिथून हलवेनाच.

इस्रायलमध्ये आंधळा मोल रॅट म्हणून एक प्राणी आहे. डोळे कातडीखाली गेलेले, शेपूट बाहेर दिसत नाही, पुढच्या दातांनी माती उकरतो आणि सगळं आयुष्य जमिनीखाली काढतो. देश गोव्याच्या साधारण सहापट, पण तेवढ्यात चार प्रकार. उत्तरेला गॅलिलीच्या डोंगराळ भागात ५२ गुणसूत्रं, गोलानमध्ये ५४, त्याच्या खाली कार्मेलच्या बाजूला ५८ आणि दक्षिणेला कोरड्या भागात ६०. हातात घेतले तर वेगळे ओळखूही येत नाहीत. १९६९ मध्ये ही गुणसूत्रांची मांडणी पुढे आली आणि २००१ मध्ये त्यांना चार वेगळ्या जाती म्हणून नावं मिळाली.

माझे दोन प्रश्न. गुणसूत्रं बदलली म्हणून जाती वेगळ्या झाल्या, की जाती आधी वेगळ्या झाल्या आणि गुणसूत्रं मागाहून बदलली? आणि आपल्याकडच्या शेतातल्या, बांधावरच्या उंदरांचं काय? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं, मुलांना सांगायचं आहे.

खाजनराखण | रविवार, रात्री १०.१५

मास्तर, विषय चांगला काढलात. आमचं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, नदीला लागून आहे, त्यामुळे बिळं करणारा प्राणी म्हटला की आधी बांध आठवतो. घुशीचं बीळ बघितलंय का कधी नीट? तोंड उघडं ठेवत नाही ती. आतून भुसभुशीत माती ढकलून बूच मारते, बाहेर ताज्या मातीचा ढीग दिसतो तोच काय तो पत्ता. काठी घातली की ढिगाखाली भसकन आत जाते. आत शिरलेलं बीळ सरळ नसतंच, फाटे फुटत जातं, आणि एका फाट्याच्या टोकाला भाताची कणसं कापून नीट रचून ठेवलेली सापडतात. भरतीचं पाणी अशा बिळातून एकदा झिरपायला लागलं की बघता बघता भगदाड पडतं, आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढचं पीक गेलंच म्हणून समजा. खेकडे आणि घुशी, दोघांनी मिळून बांध पोखरलेला असतो.

तर माझा साधा प्रश्न, ह्या घुशीची गुणसूत्रं किती? आणि शेतातला तो लहानगा उंदीर हिचाच भाऊबंद ना?

निळीस्लाइड | सोमवार, सकाळी ७.०५

खाजनराखण, शेतातली घूस म्हणजे बँडिकोटा बेंगालेन्सिस, हिची गुणसूत्रं ४२. गटारात आणि जहाजांवर सापडणारा तपकिरी नॉर्वे उंदीर, त्याचीही ४२, आणि प्रजात, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मात्र वेगळी. म्हणजे आकडा सारखा आला म्हणून प्राणी एक होत नाही, हे मास्तरांनी मुलांना पहिल्यांदा सांगावं.

तो लहानगा म्हणजे बहुतेक मुस बुडुगा, आपल्या द्वीपकल्पात सगळीकडे शेताच्या बांधावर असतो. त्याची ४०, घरातल्या लहान उंदराएवढीच. आता गंमत बघा, त्याच मुस प्रजातीतला मुस प्लॅटिथ्रिक्स, पाठीवर राठ काट्यांसारखे केस असलेला, तोही आपल्याच द्वीपकल्पातला, त्याची फक्त २६! मऊ केसांचा शेतउंदीर मिलार्डिया मेलटाडा, त्याची ५०. झुडपात राहणारा गोलुंडा, त्याची ५४. एवढे सगळे एकाच कुळातले.

मी बरीच वर्षं लॅबमध्ये गुणसूत्रांच्या स्लाइड करत होते म्हणून थोडं सांगते. प्राण्याला आधी कोल्चिसिन देतात, त्याने विभागणाऱ्या पेशी मधल्याच पायरीवर अडतात. मग मांडीच्या हाडाची दोन्ही टोकं कापून आतली मज्जा सिरिंजने बाहेर काढायची, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात ठेवायची. पेशी पाणी पिऊन टम्म फुगतात. मग मिथेनॉल तीन भाग, ॲसिटिक ॲसिड एक भाग अशा मिश्रणात पक्क्या करायच्या आणि थंड ओल्या काचेवर जरा उंचावरून थेंब सोडायचा. थेंब आपटला की पेशी फुटून गुणसूत्रं पसरतात. थेंब चुकीच्या उंचीवरून पडला की सगळी एकावर एक चढून बसतात आणि मोजणं कठीण. जिम्साचा जांभळा रंग दिला, तेलातली १०० ची भिंग लावली की समोर! पूर्वी फोटो काढून प्रत्येक गुणसूत्र कात्रीने कापून जोड्या लावायचो. कात्रीतून एक पडलं की टेबलाखाली वाकून शोधायचं.

माणसाची संख्यासुद्धा अशी नीट पसरलेली पेशी मिळेपर्यंत ४८ समजली जायची. १९५६ मध्ये तिजो आणि लेवान यांनी ४६ आहेत हे दाखवलं.

गिरकी | सोमवार, सकाळी ८.३०

आमच्या बोक्याला ह्या आकड्यांशी काही देणंघेणं नाही हां, ४० असो की ४२, दोन्ही पायरीवर आणून ठेवतो :)

मोलेंचा_वाटसरू | सोमवार, दुपारी १.१०

आकड्यांचाच विषय आहे तर बिळातून जरा रानात या. आपलं भेकर. मोलेच्या अभयारण्यात, खोतीगावला संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकताना ऐकलं असेल. त्याची गुणसूत्रं मादीत ६ आणि नरात ७, सस्तन प्राण्यांत सगळ्यात कमी. १९७० मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणि चीनमधलं त्याचं भावंड, रीव्हजचं भेकर, त्याची ४६! तरी बघायला दोघं बऱ्यापैकी सारखी. म्हणजे मास्तर, तुमच्या विद्यार्थिनीचा "जोडी गळून पडते काय" हा प्रश्न भेकराला लावून बघा. एवढ्या जोड्या गळल्या असत्या तर प्राणी उरला असता काय? गळत नाहीत, एकमेकांना चिकटतात.

निळीस्लाइड | सोमवार, दुपारी २.००

अगदी बरोबर, चिकटतात. मुलांना सांगायला सोपं : दोन काठ्या टोकाला टोक लावून बांधल्या की मोजताना एक काठी कमी भरते, लाकूड तेवढंच राहतं. गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्रावरची आवळलेली जागा, एका टोकाला असलेली दोन गुणसूत्रं त्या टोकांशी जुळून मध्ये बिंदू असलेलं एक मोठं गुणसूत्र होतं, ह्याला रॉबर्टसोनियन जोड म्हणतात, रॉबर्टसनने १९१६ मध्ये नाकतोड्यांवरून हे मांडलं. त्यात जनुकं जवळजवळ सगळी शिल्लक राहतात. पण सगळे जोड असेच नसतात. त्या काटेरी उंदराची २६ च्या २६ टोकाला बिंदू असलेली आहेत, म्हणजे तिथे गुणसूत्रं एकापाठोपाठ एक सलग जोडली गेली असणार. भेकरातही असे सलग जोड भरपूर आहेत.

आणि कधी आकडा बदलतच नाही! मुस बुडुगा आणि मुस टेरिकलर, दोघांची ४०, दिसायला सारखे, भारतात कित्येक ठिकाणी एकाच शेतात. पण टेरिकलरच्या गुणसूत्रांना हेटेरोक्रोमॅटिनचे, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या, जनुकं फारशी नसलेल्या भागाचे, जादा आखूड हात फुटलेले असतात. नुसतं मोजून गेलात तर फसाल, आकार बघायलाच हवा. बनारसच्या विद्यापीठात ह्यावर बरंच काम झालंय.

मांडवीकाठ | सोमवार, संध्याकाळी ६.४५

सगळं वाचलं, छान चाललंय, पण मास्तरांच्या पहिल्या प्रश्नावर कोणी बोलत नाहीये. माझं मत स्पष्ट आहे, गुणसूत्रांच्या संख्येला आपण उगाच फार महत्त्व देतो. म्हशीचंच उदाहरण घ्या. आपल्याकडची मुऱ्हा, सुरती वगैरे म्हैस, तिची ५०. ईशान्य भारतात आणि त्याच्या पुढे पूर्वेला दलदलीत राहणारी म्हैस असते, तिची ४८. दोघींचा संकर केला की ४९, आणि ती ४९ वाली म्हैस व्यवस्थित विते, दूध देते. कुठे गेली जातीची भिंत? घोडा ६४, गाढव ६२, खेचर ६३ आणि वांझ, हे सगळे सांगतात, पण रानटी प्रझेवाल्स्की घोडा ६६ आणि पाळीव घोडा ६४, त्यांची ६५ वाली पिल्लं पुढे वितात हे कोणी सांगत नाही. खेचर वांझ आहे ते घोडा आणि गाढव ह्यांच्या गुणसूत्रांची मांडणी आणि जनुकं एकूणच फार लांब गेली म्हणून, एका जोडीच्या फरकाने नाही. जाती वेगळ्या करतात ती जनुकं, अंतर आणि काळ. गुणसूत्रांचे जोड वाटेत होत जातात.

तांबडीमाती | सोमवार, रात्री ९.२०

मांडवीकाठ, पटतंय, पण मग हे बिळातल्यांमध्येच एवढं का दिसतं ते सांगा. दक्षिण अमेरिकेतला तुको तुको घ्या, बिळात राहतो, साठाहून जास्त जाती, आणि संख्या १० पासून ७० पर्यंत! उत्तर अमेरिकेतल्या पॉकेट गोफरमध्ये तेच, आफ्रिकेतल्या मोल रॅटमध्ये तेच. अर्जेंटिनातल्या वाळवंटात एक लाल विझकाचा उंदीर आहे, बिळं करतो, त्याची १०२, सस्तन प्राण्यांत सगळ्यात जास्त. आणि मध्यपूर्वेतला एक मोल व्होल, एलोबियस ल्युटेसेन्स, त्याची १७, नरालाही १७ आणि मादीलाही १७, एरवी नर ठरवणारं वाय गुणसूत्र पार नाहीसंच झालेलं, तरी नर नर आहे आणि मादी मादी. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला वाटतं कारण राहणीत आहे. जमिनीखालचा प्राणी लांब जात नाही. पिल्लू मोठं झालं की थोडं पलीकडे जाऊन बीळ करतं. मध्ये कातळ आला, ओढा आला, की पलीकडचे वेगळे. मूठभर प्राण्यांची वस्ती, आतल्या आतच जोड्या. अशा लहान वस्तीत एखादा गुणसूत्रांचा बदल झाला, थोडा तोट्याचा का असेना, तर निव्वळ योगायोगाने तो सगळ्यांत पसरून पक्का होऊ शकतो. मोठ्या वाहत्या लोकसंख्येत तो लगेच विरून गेला असता.

बीळच लागतं असंही नाही, अडून पडणं महत्त्वाचं. पोर्तुगीजांचं मदैरा बेट आहे ना अटलांटिकमध्ये, तिथे साधा घरउंदीर माणसांबरोबर जहाजातून पोचला. पंधराव्या शतकात वस्ती झाली, म्हणजे झाली असतील पाचसहाशे वर्षं. उभे डोंगर, खोल दऱ्या, गावं एकमेकांपासून तुटलेली. आणि तेवढ्या काळात ४० वाल्या उंदराचे सहा वेगळे वंश झाले, काहींची संख्या २२ पर्यंत खाली आली! २००० साली हे प्रसिद्ध झालं.

गिरकी | सोमवार, रात्री ९.३५

तिथे उंदीर उतरवले आणि इथे पाव आणला, आपण फायद्यात आहोत :)

खाजनराखण | सोमवार, रात्री ९.५०

उंदीर इथे आधीपासून भरपूर होते गे बाय, त्यांना आणायची गरज नव्हती.

निळीस्लाइड | मंगळवार, सकाळी ६.५०

मांडवीकाठ, तुमची म्हैस मान्य. एक जोड असला तर अर्धगुणसूत्री विभाजनात, म्हणजे वीर्यपेशी, अंडपेशी बनतानाच्या विभाजनात, मोठं एक आणि लहान दोन अशी तिघं शेजारी बसतात आणि बहुतेक वेळा नीट वेगळी होतात. पण मदैराचंच उदाहरण घ्या. समजा एका दरीतल्या उंदरांत गुणसूत्र १ आणि २ जोडले गेले, पलीकडच्या दरीत २ आणि ३ जोडले गेले. दोन्हीकडे प्राणी धडधाकट, आपापल्या वस्तीत काही अडचण नाही. ह्यांचा संकर झाला की २ ला दोघांशीही जोडी लावायची आहे, १ इकडे ओढतोय, ३ तिकडे, आणि विभाजनात लांबलचक साखळी तयार होते. असे तीनचार जोड वेगवेगळे असले की साखळ्या एवढ्या मोठ्या होतात की वीर्यपेशी, अंडपेशी धड बनतच नाहीत. म्हणजे जनुकांत फारसा फरक नसताना नुसत्या जोडांनी भिंत उभी राहू शकते. तेव्हा "वाटेत होत जातात" एवढ्यावर मी सोडणार नाही.

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ८.१५

ताई, हा मुद्दा जोरदार आहे आणि घरउंदरापुरता मला मान्यच आहे. पण सगळ्या बिळातल्यांना तो लागू नाही. मूळची अडचण अशी की जो बदल संकराला खूप नुकसान करतो तो पहिल्या एकदोन प्राण्यांतच मरायला हवा, पसरणारच कसा? आणि जो सहज पसरतो तो नुकसान करत नाही, म्हणजे भिंतही होत नाही. ह्या कोड्यावर कितीतरी वर्षं वाद चाललाय. अलीकडे एक तिसरी वाट मांडली जाते : उलटापालट झालेल्या भागात दोन वस्त्यांची जनुकं एकमेकांत मिसळत नाहीत, तेवढा भाग बंद राहतो, आणि त्या बंद भागात हळूहळू फरक साचतात. म्हणजे गुणसूत्र स्वतः भिंत नाही, पण भिंत उभी राहायला जागा राखून ठेवतं.

आणि इस्रायलचे ते ५२ ते ६०, त्यावर एविआतार नेवो ह्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं, जसजसं दक्षिणेला कोरडं होत जातं तसतशी संख्या वाढते, कारण जास्त गुणसूत्रं म्हणजे जनुकांची जास्त सरमिसळ, आणि बेभरवशाच्या हवामानात ती उपयोगी पडते. मला ते पूर्ण पटत नाही. चार ठिपके एका रेषेत आले म्हणून हवामानच कारण असं म्हणता येत नाही, मूळ प्राणी उत्तरेकडून दक्षिणेला पसरत गेला असेल तरी अशीच रेष दिसेल. पण दोन प्रकार जिथे एकमेकांना भेटतात तिथला संकराचा पट्टा अगदी अरुंद आहे हे मात्र खरं, आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तांबडीमाती | मंगळवार, सकाळी ९.००

आणि त्यांचं डोकं आपटणं विसरू नका! ते मोल रॅट बोगद्याच्या छताला डोकं आपटून एकमेकांना निरोप देतात, जमिनीतून थरथर जाते. अंधारात आंधळ्या प्राण्याला जोडीदार शोधायचा आहे, त्यात शेजाऱ्याचा ठेका वेगळा असला तर गुणसूत्रं जुळतात की नाही हा प्रश्न येण्याआधीच मामला संपतो.

अनघा_डिचोली | मंगळवार, दुपारी ३.३०

विषय उंदरांचा आहे, पण निळीस्लाइड ताई, तुम्ही जोडाचं लिहिलंत म्हणून विचारते. माझ्या वहिनीचे दोनतीनदा गर्भ राहून गेले. तपासणीत भावाची गुणसूत्रं ४५ आली. एका दवाखान्यात नुसतं "गुणसूत्रात दोष आहे" म्हणून कागद हातात दिला, आणि तेव्हापासून तो स्वतःला आजारी समजतोय, कोणाशी नीट बोलत नाही. हे तेच आहे का?

निळीस्लाइड | मंगळवार, दुपारी ४.१०

अनघा, रिपोर्टमध्ये रॉबर्टसोनियन असा शब्द असेल तर हो, हे तेच. साधारण हजारात एका माणसाला असा जोड असतो, बहुतेक वेळा १३ आणि १४ ह्या गुणसूत्रांचा. तुझा भाऊ आजारी नाही. त्याच्याकडे लागणारं सगळं आहे, फक्त दोन गुणसूत्रं जोडलेली आहेत, आणि कित्येकांना आयुष्यभर कळतसुद्धा नाही. अडचण पुढच्या पिढीत येते, वाटणी करताना कधी एखादं जास्त जातं, कधी कमी जातं, आणि असा गर्भ बहुतेकदा टिकत नाही. पण नीट वाटणीही होते. अशा कितीतरी जोडप्यांना पुढे निरोगी मुलं झालेली मी स्वतः बघितली आहेत. जनुकीय समुपदेशकाला दोघांनी मिळून भेटा, रिपोर्ट बरोबर न्या, नक्की कुठली दोन गुणसूत्रं जोडली आहेत ते विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गर्भारपणात करायच्या तपासण्याही आहेत. आणि भावाला हे आजच वाचायला दे.

अनघा_डिचोली | मंगळवार, रात्री ८.०५

१३ आणि १४ च लिहिलंय. वाचून दाखवलं त्याला. ताई, खूप उपकार झाले.

सड्यावरचा | बुधवार, सकाळी १०.४०

काटेरी उंदराचं वाचून आठवलं. आमच्या गावाच्या वरती सडा आहे, जांभ्याचा कातळ, मध्येमध्ये मातीचे पट्टे. पाऊस संपला की तिथे लहानशी बिळं दिसतात आणि तोंडाशी बारीक खडे गोळा केलेले, सगळे जवळजवळ एका मापाचे, वाटाण्याएवढे. लहानपणी आम्ही ते विस्कटून यायचो आणि काही दिवसांनी जाऊन बघावं तर परत जमवलेले. हाच का तो २६ वाला?

मोलेंचा_वाटसरू | बुधवार, सकाळी ११.१५

मुस प्लॅटिथ्रिक्सची ती सवय नोंदवलेली आहे, कोरडी खडकाळ जागाही त्याच्या आवडीची. पण त्याच्या जवळच्या भाईबंदांतही खडे जमवणारे आहेत, तेव्हा नुसत्या खड्यांवरून शिक्का मारू नका. एकदा पहाटे टॉर्च घेऊन लांब बसा, पाठीचे केस राठ दिसतात का बघा. बीळ खणू नका म्हणजे झालं.

खाजनराखण | बुधवार, दुपारी १२.३०

हे सगळं वाचून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. आम्ही शेतकरी सगळ्यांना उंदीर म्हणून एकच औषध टाकतो. पण घूस बूच मारून आत बसते, बांध तीच फोडते. लहानग्याने बांधाला कधी भगदाड पाडलेलं मी तरी बघितलं नाही, त्याचं बीळ बोटाएवढं. मग विष टाकताना कुठलं बीळ कोणाचं हे बघायलाच हवं. सरसकट टाकलं की धामण आणि घुबडं मरतात, आणि तीच तर फुकटची राखण करतात.

शाळामास्तर_पेडणे | बुधवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलीला मी असं सांगणार आहे : जोडी गळत नाही, जोडली जाते किंवा तुटून दोन होते, म्हणून संख्या बदलते. आणि आधी काय, नंतर काय ह्याचं एकच उत्तर सगळ्या प्राण्यांना बसत नाही. मदैराच्या उंदरात जोडांनीच भिंत घातली असं म्हणता येतं, म्हशीत जोड असून भिंत नाही, आणि मोल रॅटवर अजून वाद आहे. मांडवीकाठ आणि निळीस्लाइड ताई, दोघांचेही मुद्दे वर्गात दोन गटांना वाटून देतो, पोरं भांडतील छान.

आता एक विचारतो. मुलांना हे प्रत्यक्ष काय दाखवता येईल? स्लाइड शाळेत होणार नाही.

निळीस्लाइड | बुधवार, रात्री ९.३०

प्राणी पकडून स्लाइड तर करूच नका. त्याला संस्थेच्या नीती समितीची परवानगी लागते आणि कोल्चिसिन विषारी आहे. कांद्याच्या मुळाचं टोक घ्या. वाटीत पाणी, वर कांदा, दोनतीन दिवसांत मुळं येतात. कांद्याची १६ आहेत, मोठीमोठी, शाळेच्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात.

मोलेंचा_वाटसरू | बुधवार, रात्री ९.५५

आणि उंदरांसाठी घुबडाच्या गोळ्या जमवा. गव्हाणी घुबड जुन्या देवळात, पडक्या घरात बसतं, खाल्लेल्या उंदराची हाडं आणि केस गोळा करून तोंडातून टाकतं. खाली राखाडी गोळे पडलेले असतात. एका गोळ्यात दोनतीन कवट्या सहज निघतात, घुशीची कवटी आणि लहानग्याची कवटी शेजारी ठेवली की मुलं स्वतःच फरक सांगतील.

तांबडीमाती | बुधवार, रात्री १०.०५

हातमोजे घालूनच हां. आधी ओव्हनमध्ये नीट तापवून घ्या आणि मग चिमट्याने सोडवा. ज्या मुलांच्या हाताला जखम आहे त्यांना लांब ठेवा, आपल्याकडे लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, आहे.

खाजनराखण | बुधवार, रात्री १०.२०

मास्तर, आमच्या मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, पडक्या खोपीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे, खाली गोळ्यांचा खच पडलाय. शनिवारी ओहोटीच्या वेळी या, भरतीला तिथली वाट पाण्याखाली जाते. मुलं आणणार असाल तर आधी फोन करा, होडी सांगून ठेवतो.